अर्धांगवायूनंतर हातापायाची हालचाल: घरचा सराव कुठून सुरू करायचा आणि कुठे चुकतं

पेशंट दवाखान्यातून घरी आला की पहिल्या आठवड्यात घरोघरी तेच दिसतं. सकाळी मालीशवाला येतो, दुपारी मुलगी हात वर-खाली करून देते, हातात स्पंजचा बॉल ठेवलेला असतो आणि संध्याकाळी दोघं जण काखेत हात घालून पेशंटला 'चालवतात'. सगळे राबत असतात. पेशंट मात्र काहीच करत नसतो.

बिघाड हातात किंवा पायात झालेला नाही. हाड, स्नायू, सांधा सगळं होतं तसंच आहे. त्यांना हुकूम सोडणारा मेंदूचा भाग किंवा तो हुकूम खाली नेणारी वाट तुटली आहे. शेजारच्या शाबूत भागाला ते काम नव्याने शिकायचं आहे, आणि शिकणाऱ्यानेच पाटी गिरवावी लागते. दुसऱ्याने हात धरून हजार वेळा गिरवून दिली तरी अक्षर येत नाही.

हा लेख साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्या महिन्यापर्यंतच्या घरच्या सरावासाठी आहे. तुमच्या न्यूरोफिजिशियनने हालचालीला परवानगी दिलेली असावी आणि फिजिओने पेशंटला एकदा तरी प्रत्यक्ष तपासलेलं असावं, हे गृहीत धरलं आहे.

## टप्पा १: इजा कुठे आहे ते समजून घ्या

डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयचा रिपोर्ट फाईलमध्ये ठेवून देऊ नका. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: गुठळी होती की रक्तस्राव? मेंदूच्या कोणत्या बाजूला? नेमक्या कोणत्या भागात? सरावाची आखणी या उत्तरांवरच ठरते.

मेंदूकडून हालचालीचा हुकूम नेणारे बहुतेक तंतू मानेच्या किंचित वर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवं अंग जातं. इतकं बहुतेकांना माहीत असतं. पुढचं सहसा कोणी सांगत नाही.

रिपोर्टमध्ये 'एमसीए' लिहिलं असेल तर मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीचा इलाखा गेला आहे. इथे चेहरा आणि हात जास्त जातात, पाय त्यामानाने वाचतो. असा पेशंट लवकर चालू लागतो आणि हात मात्र लोंबत राहतो. मग घरचे म्हणतात, 'पाय आला तसा हातही येईल.' तो आपोआप येत नाही. त्याच्यावर वेगळी मेहनत घ्यावी लागते. 'एसीए', म्हणजे मेंदूची पुढची धमनी, असेल तर उलट, पाय जास्त गेलेला असतो.

'इंटर्नल कॅप्सूल' किंवा 'कॅप्सुलोगँगलिऑनिक' हे शब्द दिसले तर इजा खोलवर आहे. जुन्या रक्तदाबाच्या पेशंटमध्ये हे बरेचदा दिसतं. इथे हुकमाचे सगळे तंतू एका अरुंद बोळातून जातात, त्यामुळे एमआरआयवरचा इजेचा डाग लहान असूनही हात, पाय, चेहरा तिन्ही जाऊ शकतात. 'डाग एवढासा आहे, मग सुधारणा का नाही?' याचं उत्तर इथे आहे. डागाच्या आकारापेक्षा त्या वाटेचे किती तंतू तुटले याला महत्त्व जास्त.

सेरेबेलम म्हणजे लहान मेंदू. इथे इजा असेल तर ताकद शाबूत असते पण हात थरथरतो, पाय भलतीकडे पडतो, आणि त्रास इजेच्याच बाजूला होतो. अशा पेशंटला वजनं उचलायला लावण्यात अर्थ नाही. त्याला तोल आणि नेम यांचा सराव हवा. ब्रेनस्टेमची, म्हणजे मेंदूच्या देठाची, इजा असेल तर गिळणं आधी तपासून घ्या, चालणं नंतर.

उजव्या मेंदूच्या इजेत आणखी एक गोष्ट असते आणि घरचे तिला हट्टीपणा समजतात. पेशंटला डावीकडचं जग जाणवतच नाही. दृष्टी ठीक असते, पण लक्षच तिकडे जात नाही.

तपासा: पेशंटला नेहमीसारखं पूर्ण ताट वाढा. जेवण झाल्यावर ताटाची डावी बाजू बघा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर तशीच राहिली आणि उजवीकडची भाजी संपली असेल तर ही गोष्ट फिजिओला आजच सांगा. असा पेशंट डाव्या हाताचा सराव टाळतो, कारण तो हात आपला आहे हेच त्याच्या हिशेबात नसतं.

किती सुधारणा होईल याचा एक ढोबळ अंदाज पहिल्या तीन दिवसांतच मिळतो. ७२ तासांच्या आत बोटं थोडी जरी स्वतःहून उघडली आणि खांदा बाजूला उचलला गेला, तर सहा महिन्यांत हाताला काही ना काही काम जमण्याची शक्यता खूप मोठी असते. नेदरलँड्समधल्या २०१० च्या एका अभ्यासात ती ९८ टक्के आढळली. या दोन्ही हालचाली नसलेल्यांमध्ये २५ टक्के. म्हणजे त्यांच्यातही चारांत एक. दार कोणालाच बंद नाही, पण सरावाचं ध्येय कुठे ठेवायचं ते यावरून कळतं.

## टप्पा २: पेशंट यायच्या आधी घर तयार करा

पलंगाची उंची अशी हवी की काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे काटकोनात येतील. उंच पलंगाचे पाय कापून घ्या, सखल असेल तर खाली ठोकळे लावा. जमिनीवरची गादी चालणार नाही. तिथून उठणं धडधाकट माणसालाही जड जातं.

सतरंज्या, पायपुसणी, लोंबत्या वायरी उचला. बाथरूममध्ये भिंतीला दांडी बसवून घ्या, ती पेशंटच्या चांगल्या हाताला येईल अशी. भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर कमोडची खुर्ची आणा. घरात स्लिपर बंद. मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट हवेत. नऊवारी-पाचवारीच्या निऱ्या आणि धोतराचा सोगा पायात येतो, म्हणून काही महिने गाऊन किंवा इलॅस्टिकचा पायजमा. आजी कुरकुरतील. खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा कुरकुर बरी.

कपडे घालताना आधी गेलेल्या बाजूची बाही, काढताना ती शेवटी.

तपासा: रात्री बाथरूमपर्यंतच्या वाटेवर उजेड आहे का? पेशंटच्या चांगल्या हाताला बेल किंवा मोबाईल पोचतो का?

## टप्पा ३: झोपवणं, आणि खांदा सांभाळणं

सुरुवातीला गेलेलं अंग सहसा सैल, पोत्यासारखं असतं. खांद्याचा सांधा मुळातच उथळ आणि स्नायूंच्या पकडीवर टिकलेला. ती पकड गेली की हाताच्या नुसत्या वजनाने तो खाली सरकतो. त्यात कोणी हात धरून ओढलं की खांदा दुखू लागतो, आणि दुखरा खांदा पुढचे सहा महिने खातो.

1. पाठीवर झोपवताना खांद्याच्या पात्याखाली आणि पूर्ण हाताखाली उशी. तळहात शक्यतो वर.
2. चांगल्या कुशीवर वळवल्यावर गेलेला हात पुढे उशीवर आणि गेलेला पायही उशीवर.
3. गेलेल्या कुशीवर झोपवता येतं, पण खांदा अंगाखाली दबू देऊ नका. पातं धरून तो आधी पुढे घ्या.
4. स्वतः वळता येत नसेल तर दर दोन तासांनी कूस बदला.
5. गुडघ्याखाली कायमची उशी नको, गुडघा वाकलेलाच आखडतो.
6. बसल्यावर हात मांडीवरून खाली लोंबू द्यायचा नाही. मांडीवरची उशी किंवा समोरचं टेबल त्यासाठीच आहे.

सावधान: पेशंटला उचलताना काखेत हात घालू नका, गेलेला हात धरून ओढू नका. छताला कप्पी टांगून चांगल्या हाताने गेलेला हात वर खेचण्याचा जुना प्रकारही बंद. खांद्याच्या दुखण्याला तो आमंत्रणच देतो.

मालिशीबद्दल लोक हटकून विचारतात. हलक्या हाताने तेल लावल्याने कातडी मऊ राहते आणि पेशंटला बरं वाटतं, तेवढ्यासाठी लावा. मेंदूतली वाट तेलाने जोडली जात नाही, कबुतराच्या रक्तानेही नाही. पोटरी रगडणं मात्र धोक्याचं आहे. पडून राहिलेल्या पायाच्या शिरेत गुठळी झालेली असू शकते आणि रगडल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एकाच पोटरीला सूज, ऊब किंवा दुखणं असेल तर सराव थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरम पाण्याची पिशवीही नको. संवेदना गेलेल्या अंगाला भाजलेलं कळत नाही.

## टप्पा ४: कूस, बसणं, उभं राहणं (याच क्रमाने)

सगळ्यांना चालण्याची घाई असते. ज्याला बिनआधाराचं बसता येत नाही त्याला चालवणं म्हणजे पाया न भरता मजला चढवणं. उलट टोकाची घाईही बरी नव्हे. पाच देशांतल्या २१०४ पेशंटवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अव्हर्ट' चाचणीत २४ तासांच्या आत वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्या गटाचे निकाल नेहमीच्या काळजीपेक्षा थोडे कमीच निघाले. पहिल्या दिवशी किती उठवायचं ते दवाखान्याने ठरवावं. नंतर मात्र पडून राहायला कारण नाही.

कूस आणि बसणं: पेशंटने चांगल्या हाताने गेलेला हात धरावा, गुडघे वाकवावेत आणि स्वतः वळावं. तुम्ही फक्त ढुंगणाला आणि खांद्याच्या पात्याला हलका आधार द्या. मग पाय पलंगाखाली सोडून कोपरावर जोर देत उठायचं. दोन मिनिटं काठावर बसवा. चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर परत आडवं करा आणि रक्तदाब मोजा.

उभं राहणं: पायासाठी मला एकच व्यायाम निवडायचा झाला तर मी हा निवडेन.

1. पेशंटला पलंगाच्या किंवा खुर्चीच्या पुढच्या काठावर सरकवा.
2. दोन्ही पाय मागे घ्या, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. गेलेला पाय पुढे राहिला तर सगळं वजन चांगल्या पायावर जातं आणि सराव फुकट.
3. नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं वाकायला सांगा. पडायची भीती इथेच वाटते, म्हणून समोर एक खुर्ची ठेवा.
4. उठताना गेलेला गुडघा तुमच्या गुडघ्याने अडवा. तो आतून मुडपतो.
5. खाली बसताना धप्पकन नको. सावकाश बसण्यात निम्मा व्यायाम आहे.

आधी पाच वेळा, मग दहा, मग दिवसातून तीन-चार फेऱ्या. उंच बैठकीपासून सुरुवात करा आणि जमेल तशी ती कमी करा.

तपासा: दोन वजनकाटे शेजारी ठेवून त्यांवर उभं करा. गेलेल्या पायावर एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी येत असेल तर चालण्याची वेळ अजून आलेली नाही, असं मी धरतो. घरात एकच काटा असेल तर दुसऱ्या पायाखाली तेवढ्याच जाडीची फळी ठेवा.

## टप्पा ५: हात

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून थोडं सविस्तर.

पहिली चूक स्पंजच्या बॉलची. काही आठवड्यांत सैल अंग ताठ होऊ लागतं: कोपर वाकतं, मनगट आत वळतं, मूठ मिटते. मिटणं मेंदूकडून आधी आणि फुकट मिळतं. अवघड असतं ते उघडणं. दिवसभर बॉल दाबणारा पेशंट जे आपोआप येतं त्याचीच तालीम करतो. सराव सोडण्याचा हवा: वाटी धरा आणि सोडा, पेला धरा आणि सोडा.

दुसरी चूक संख्येची. अमेरिका आणि कॅनडातल्या उपचारांच्या सत्रांचं निरीक्षण करून मोजलं (२००९ चा अभ्यास), तेव्हा हाताच्या कामाच्या हालचाली एका सत्रात सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूतले बदल दिसले, त्यांत हा आकडा दिवसाला शेकड्यांत होता. फिजिओ अर्धा-पाऊण तास येतो. उरलेला दिवस तुमचा आहे.

तिसरी चूक आपल्याकडे खास दिसते. डावा हात गेला असेल तर घरचे निर्धास्त असतात: 'जेवता येतं, सही करता येते, मग डाव्याचं एवढं काय?' वापर नसला की मेंदू तो हात हिशेबातून काढून टाकतो. पुढे ताकद आली तरी हात पुढे होत नाही.

हात अजिबात हलत नसेल तर: पेशंटने रोज डोळे मिटून ओळखीची हालचाल मनात करावी, मग प्रत्यक्ष जोर लावून पाहावा. काही दिसलं नाही तरी प्रयत्न मोजायचा. तुम्ही हात हलवून देत असाल तर पेशंटचं लक्ष आणि जोर त्यात हवाच, टीव्ही बंद. आरशाचा सरावही इथेच बसतो. टेबलावर आरसा उभा ठेवून गेलेला हात त्यामागे लपवा, चांगल्या हाताची बोटं उघडा-मिटा आणि आरशात बघत गेलेल्या हातानेही तसंच करायचा प्रयत्न करा. रोज १५ ते ३० मिनिटं.

थोडी हालचाल असेल तर: हात टेबलावर ठेवून वजनाचा प्रश्न मिटवा. टेबलावर टाल्कम पावडर टाका, हाताखाली रुमाल ठेवा आणि पुढे-मागे, बाजूला सरकवा. मग वाटी ढकलणं, खेळायचा पत्ता उलटणं, टेबल पुसणं. खांदा कानाकडे जाऊ लागला किंवा धड मागे झुकायला लागलं की हालचाल चोरटी झाली. ध्येय जवळ आणा आणि पुन्हा करा.

मनगट आणि बोटं वर उचलता येत असतील तर: कामाला लावा. मटार सोलणं, शेंगा फोडणं, पोळपाट धरून ठेवणं, डब्याचं झाकण उघडणं, कपड्यांना चिमटे लावणं. चांगल्या हाताला हातमोजा घालून गेलेल्या हाताकडून काम करून घेण्याची पद्धतही आहे. २००६ च्या 'एक्साइट' चाचणीत दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ हातमोजा घालून, असा तिचा कस लागला आणि फायदा दिसला. पण तिथे निवडलेल्यांचं मनगट आणि बोटं किमान १० अंश उचलली जात होती. त्याहून कमी हालचाल असलेल्याचा चांगला हात बांधणं म्हणजे त्याला छळणं. घरी करायचं तर फिजिओला विचारून, बसून, ठरलेल्या वेळी. हातमोजा घालून चालायचं नाही.

## टप्पा ६: चालणं

काठी चांगल्या हातात. पुष्कळ जण ती गेलेल्या बाजूला देतात, तिथे तिचा उपयोग नाही. आधी काठी, मग गेलेला पाय, मग चांगला. मदतनीस गेलेल्या बाजूला, किंचित मागे, कमरेच्या पट्ट्याला धरून.

पाऊल लोंबत असेल तर पेशंट पाय बाहेरून फिरवत गोल टाकतो. ही सवय लवकर पक्की होते. पाऊल उचलून धरणारा एएफओ, म्हणजे पायाचा साचा, वेळेवर घेतला तर ती टळू शकते. 'साचा घातला की पाय आळशी होतो' असं म्हणून तो कपाटात टाकू नका. आत लाल वळ उठतात का ते मात्र रोज पाहा.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना गेलेला पाय आधी.

सावधान: दोघांनी उचलून नेणं म्हणजे चालवणं नव्हे. पेशंटच्या पायावर वजन येत नसेल तर टप्पा ४ वर परत या.

## टप्पा ७: ताठरपणा आला तर

ताठरपणा वाढताना दिसला की पहिल्यांदा कारण शोधा: बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, घट्ट चप्पल, दुखरा खांदा, पडून राहिल्याने झालेली जखम (बेडसोर). कारण काढलं की बरेचदा अंग सैल होतं. झटके देऊन हात सरळ करू नका. सावकाश ताणा आणि अर्धा-एक मिनिट तसाच धरा. मूठ उघडेना, नखं तळव्यात रुतताहेत, अशी वेळ आली तर गोळ्या किंवा बोटॉक्सच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी बोला. इंजेक्शनचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो आणि त्या काळात सराव केला तरच पैसे वसूल.

## टप्पा ८: वहीत लिहा, अडलं की बदला

सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांत येतो. नंतर वेग मंदावतो. 'सहा महिन्यांनंतर काही होत नाही' हे खरं नाही. 'एक्साइट' चाचणीतले पेशंट तीन ते नऊ महिन्यांपूर्वी आजारी पडलेले होते. पण तेव्हा एकेक पायरी जास्त कष्टाने मिळते.

दर रविवारी तीन आकडे लिहा: पाच वेळा उठून बसायला किती सेकंद, दहा मीटर चालायला किती सेकंद, एका मिनिटात किती वाट्या उचलून सोडल्या. महिनाभर आकडा हलला नाही तर वेळ वाढवण्याआधी सराव बदला. तो फार सोपा झालेला असतो किंवा फार अवघड.

सुधारणा अडायचं एक कारण घरच्यांच्या नजरेतून निसटतं. सुमारे एक तृतीयांश पेशंटना अर्धांगवायूनंतर नैराश्य येतं. झोप नाही, जेवण नको, 'आता काय उपयोग' अशी भाषा आली तर ओरडून व्यायाम करून घेऊ नका, डॉक्टरांना सांगा. फ्लुऑक्सेटीन ही गोळी नैराश्यावर देतात. 'हात सुधारतो म्हणे' एवढ्यावरून ती स्वतःहून सुरू करू नका. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत हालचालीला फायदा दिसला नाही आणि हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र वाढलेलं आढळलं.

शेवटची तपासणी, दाराच्या मागे चिकटवण्यासाठी: रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या 'आता बरं आहे' म्हणून बंद करायच्या नाहीत. तोंड अचानक वाकडं झालं, चांगला हातही पडला, बोलणं अडखळलं, तोल गेला, दिसेनासं झालं, यांपैकी काहीही झालं तर तोंडात पाणी किंवा गोळी न घालता १०८ ला फोन करा. पेशंट शेवटचा व्यवस्थित कधी होता ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि ते तास त्या वेळेपासून मोजतात.